अंगणच वाकडं होतं

वीज मंडळात नोकरी केली, त्यातही बिलांच्या तक्रारींच्या खिडकीवर. तेव्हा माझं बरोबर नि जग चूक असं म्हणणारी माणसं मला नवीन नाहीत. पण जॅझ ऐकणाऱ्यांइतकी ठाम माणसं मी त्या खिडकीवरही पाहिली नाहीत.

आमची बैठक सीवूड्सला भरायची, महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी, चहा-पोह्यांनंतर. घर साहेबांचं. साहेब म्हणजे बोटीच्या कंपनीतून निवृत्त झालेले गृहस्थ. आम्ही सगळे त्यांना साहेबच म्हणायचो. उंचावरचा फ्लॅट, खिडकीतून करावेची खाडी दिसते. हॉलच्या मधोमध त्यांचं रेकॉर्ड वाजवायचं मशीन, नोकरीत असताना अमेरिकेतून आणलेलं. त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. खाली जाडजूड ट्रान्सफॉर्मर, कारण तिकडचं मशीन आपल्या व्होल्टेजवर जळून जातं. येणारे पाच-सहा पुरुष, आणि नवऱ्याबरोबर येणारी मी.

रेकॉर्डची एक बाजू संपली की सुई उचलायची आणि एकेकाने मत द्यायचं. हा ट्रंपेटवाला नाव झाल्यावर बिघडला. त्या पियानोवाल्याला बोटं जास्त, डोकं कमी. ड्रमरला कुणीतरी खुर्चीला बांधून ठेवायला हवं होतं. खोटं कशाला बोलू, मला मजा यायची. मेलेल्या माणसांवरून जिवंत माणसं इतकी भांडतात हे मला आवडायचं. साहेबांचं मत सर्वांत शेवटी यायचं, आणि ते आलं की विषय संपायचा.

साहेबांचा देव म्हणजे जुन्या काळातला एक सॅक्सोफोनवाला. नाव लिहीत नाही. लिहिलं तर जाणकार वाद घालायला घरी येतील. त्याची एक रेकॉर्ड जवळपास प्रत्येक बैठकीत वाजायची. "काय खर्ज आहे! काय सबुरी!" साहेब डोळे मिटून म्हणायचे. "हेच तुम्ही मोबाइलवर ऐका. पातळ, घाईघाईत उरकल्यासारखं. डिजिटलमध्ये जीवच नाही." बाकीचे माना डोलवायचे. गाणाऱ्या बायकांच्या रेकॉर्डी मात्र साहेबांकडे चालायच्या नाहीत. मी एकदा हौसेने एक घेऊन गेले होते. घरी फोनवर त्या बाईचा आवाज कसा लख्ख वाटायचा. साहेबांच्या मशीनवर ती सर्दी झालेल्या बाप्यासारखी गायला लागली. सगळे हसले. "वहिनी, गाणारीला जॅझमध्ये काही काम नसतं," साहेब म्हणाले. मला वाटलं, रेकॉर्डच खराब निघाली.

आता नवऱ्याबद्दल. तो कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका व्यापाऱ्याकडे हिशेब बघायचा. दिवसभर पत्र्यांचा खणखणाट आणि ट्रकवाल्यांच्या शिव्या ऐकून घरी आला की हात-पाय धुवायचा आणि सॅक्सोफोन काढायचा. माझगावला राहत असताना शेजारच्या गोव्याच्या म्हाताऱ्याकडून तो वाजवायला शिकला होता, नोटेशन वाचण्यासकट. फार मोठा वादक होता असं मी म्हणणार नाही. पण वाजवताना त्याच्या चेहऱ्यावर जे यायचं ते एरवी येत नसे. मी घरी मुलांना पेटी शिकवते, त्यामुळे सानपाड्याच्या आमच्या दोन खोल्यांत एक ना एक वाद्य सुरूच असायचं. सोसायटीने तक्रारी केल्या, मी त्या परतवल्या. तक्रारी परतवण्यात माझा हात कोण धरणार?

साहेबांची ती लाडकी धून त्याने नोटेशनवरून बसवली. कितीतरी महिने घासली. मग एका रविवारी सॅक्सोफोन घेऊन बैठकीला गेला. ठरलं असं की साहेब रेकॉर्ड लावतील आणि हा तिच्याबरोबर वाजवेल.

पहिल्या ओळीतच सगळं विस्कटलं. ह्याचा सूर वर, रेकॉर्डचा खाली. हा ओळ संपवून थांबलेला, तिकडे रेकॉर्ड अजून अर्ध्यातच. त्याने दोनदा पुन्हा सुरुवात केली. शेवटी हळूच म्हणाला, "साहेब, रेकॉर्डचाच सूर उतरलाय का हो थोडा?"

"नाचता येईना, अंगण वाकडं!" एकजण म्हणाला, आणि हॉलभर हशा पिकला.

साहेब हसले नाहीत. ते समजावणीच्या सुरात बोलले, आणि तेच मला जास्त लागलं. "तुम्ही बेसूर आहात, हे एक. ते सुधारता येईल. पण तुम्हाला घाई आहे, ती सुधारणार नाही. तुमच्या वाजवण्यात कळंबोलीचे ट्रक आहेत. याचं ऐका. किती थांबतो हा माणूस!"

नवरा "हो" म्हणाला. त्याने ते खरं मानलं, आणि माझा अर्धा राग त्याच्यावर आहे तो यासाठी. घरी येऊन तो हळू वाजवायला लागला. आणखी हळू. एकेक ओळ वाजवून माझ्याकडे बघायचा, "घाई होतेय का गं?" मी म्हणायचे, "नाही." त्याला पटायचं नाही. बायकोचं मत ते, त्याला काय किंमत! मग आठवड्यातून एकदा वाजवू लागला, मग सणासुदीला, आणि मग एके दिवशी सॅक्सोफोनची पेटी माळ्यावर गेली. बैठकीला मात्र जात राहिला, पोहे खाऊन सबुरीचं कौतुक करत राहिला. त्याच्या मागे मीही जात राहिले.

अशी वर्षं गेली. परवाच्या पावसाळ्याआधी मी स्वयंपाकघरात शेंगा सोलत होते आणि फोनवर जुनी गाणी आपली आपण लागत होती. त्यात ती धून लागली. शिकवणीची पेटी समोरच होती. सवयीने पट्टी शोधली. काळी पाच. चुकीचं वाटलं, म्हणून पुन्हा शोधली. काळी पाचच. साहेबांकडे ती धून मी इतक्यांदा ऐकली होती की तिचा सा माझ्या कानात पक्का होता, आणि तो पांढरी पाच होता, चांगला तीन पट्ट्या खाली. गवई आज एका पट्टीत गातो, उद्या दुसऱ्या. छापलेली रेकॉर्ड एक पट्टी सोडून दुसरीत कशी जाईल?

पुढच्या बैठकीला मी फोनवरचा तानपुरा पांढरी पाचला लावून कानाशी धरला. रेकॉर्ड त्यात चपखल बसली. मग चष्मा लावून मशीनच्या मागे वाकले. साहेब म्हणाले, "वहिनी, हात नका लावू." मी हात लावला नाही. मागच्या पत्र्याच्या पट्टीवर लिहिलेलं फक्त वाचलं. साठ सायकल, म्हणजे साठ हर्ट्झ.

उभा जन्म वीज मंडळात गेला. आपल्या देशातली वीज पन्नास सायकलची, हे तिथला शिपाईसुद्धा सांगेल. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो. सायकल बदलणं त्याचं काम नाही. जुनी मोटर त्या सायकलवर फिरते. साठच्या जागी पन्नास मिळाले की ती तेवढी हळू फिरते. गती उतरते, आणि गतीबरोबर सूरही उतरतो. तो खर्ज, ती सबुरी, ती सर्दी झालेली बाई, सगळं त्या मोटरचं होतं.

मी तिथेच सांगितलं. शांतपणे सांगायचं असं ठरवून गेले होते, पण माझा आवाज चढला. फोन काढून तीच धून लावली, रेकॉर्डच्या शेजारी. दोन्ही एकदम वाजू लागली आणि त्या हॉलमध्ये पहिल्यांदाच मत द्यायला कुणी पुढे येईना.

मग सुरू झालं. एकजण म्हणाला, "टेक्निकली असेल बरोबर, पण फील बघा ना." दुसरा म्हणाला, "मला पर्सनली हेच व्हर्जन आवडतं." व्हर्जन! अंगण वाकडं म्हणणारा पोह्यांच्या बशीत शेव शोधत होता.

साहेबांनी सुई उचलली, रेकॉर्ड पुसली, पाकिटात घातली. "शक्य आहे," ते म्हणाले. "पण ऐकणाऱ्याचाही एक कान असतो, वहिनी. आम्ही इतकी वर्षं जे ऐकलं ते काय खोटं?"

"तुम्ही काय ऐकलंत ते तुमच्यापाशी ठेवा," मी म्हणाले. "ह्यांना बेसूर म्हणाला होतात, तेवढं परत घ्या. हे बरोबर वाजवत होते. एवढं एक वाक्य बोला, मी मशीनचं पुन्हा नावसुद्धा काढणार नाही."

साहेब नवऱ्याकडे बघत राहिले. मला खरंच वाटलं, बोलतील. त्यांचे ओठ हललेसुद्धा. मग ते म्हणाले, "चहा घेणार ना सगळे?"

आणि माझा नवरा म्हणाला, "घेऊ ना."

मी चप्पल घातली आणि खाली आले. थोड्या वेळाने तोही आला. पाम बीच रोडभर मी बोलत होते. काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. साहेबांचा उद्धार झाला, त्याचाही झाला. "जाऊ दे ना, कशाला टेन्शन घेतेस," तो म्हणाला. "म्हातारा माणूस आहे. त्याच्याकडे त्या मशीनशिवाय आहे काय?" मी म्हटलं, "आणि तुझ्याकडे काय होतं?" सानपाड्याच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तो समोर बघतच म्हणाला, "म्हणजे मी बेसूर नव्हतो."

"नव्हतास."

सिग्नल सुटला, मागच्याने हॉर्न मारला, तरी गाडी तिथेच.

घरी आल्यावर त्याने शिडी मागितली. सॅक्सोफोनची पेटी माळ्यावरून खाली काढली. खाडीकाठच्या हवेने कड्या गंजल्या होत्या. आत सॅक्सोफोनच्या एक-दोन झाकणांचं चामडं सुटलेलं. त्याने पुसपास केली, डब्यातली एक जुनी रीड, फुंकायची वेताची पट्टी, तोंडात धरून बराच वेळ ओली केली. मी माझी शिकवणीची पेटी पुढ्यात ओढली आणि काळी पाच दाबून धरली. भाता मारत राहिले. रागाने मारत होते, त्यामुळे सूर जरा मोठाच लागला.

पहिले दोन श्वास नुसती हवा गेली. मग सूर आला, खरखरीत, पण जागेवर. बोटांना अजून आठवत होतं. पहिली ओळ त्याने सबंध वाजवली, काळी पाचमध्ये, नोटेशनमध्ये लिहिली होती तशी. माझ्या पेटीच्या सुरावर ती तंतोतंत बसली. चेहऱ्यावर ते जुनं काहीतरी यायला लागलं होतं.

ओळ संपली. त्याने सॅक्सोफोन तोंडावेगळा केला आणि माझ्याकडे बघितलं.

"घाई तर होत नाहीये ना गं?"