हॉर्न नसलेलं विमान

ग्लायडर उतरलं की त्याला दोरीने ओढत पुन्हा सुरुवातीच्या टोकाला न्यावं लागतं. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या छोट्या धावपट्टीवर त्या दिवशी जीप बंद पडली, म्हणून जवळच्या गावातल्या एका दादांचा ट्रॅक्टर बोलावला. कारखान्याला ऊस ओढण्यात आयुष्य गेलेला माणूस. मी पंखाचं टोक धरून मागून चालत होते.

धावपट्टी ओलांडण्याआधी थांबायचं आणि आभाळाकडे बघायचं, हे मी त्यांना बजावून सांगितलं होतं. पण उसाच्या भरल्या ट्रॉल्या रस्त्यावर आल्या की एसटीसुद्धा बाजूला होते, ही सवय त्यांच्या हाडात मुरलेली. त्यात डेकवर गाणी दणदणत होती. दादा थांबलेच नाहीत.

तेवढ्यात दुसरं ग्लायडर दिसलं. अगदी खाली, जरासुद्धा आवाज न करता, थेट आमच्यावर येत होतं.

"आवं दादा, थांबा!" मी घसा फाटेस्तोवर ओरडले. ते गाण्यावर मान डोलवत होते. त्या ग्लायडरची सावली बॉनेटवरून, मग माझ्या अंगावरून सरकली आणि पलीकडे चाक टेकल्याचा धप्प आवाज आला.

दादांनी करकचून ब्रेक दाबला, गाणं बंद केलं आणि ते माझ्यावरच खेकसले, "हारन तरी मारायचा की त्यानं!"

मी पलीकडे उतरलेल्या ग्लायडरकडे बोट केलं. "त्याला इंजिनच न्हाई, दादा. हारन न्हाई, आन परत वर बी जाता येत न्हाई."

तेव्हा कुठे दादांनी मान वर केली. वर आणखी एक आमच्याकडे वळत होतं, आणि आम्ही अजून धावपट्टीच्या मधोमध उभे होतो.