टायरच्या छातीचं माप

माझ्या गाडीची चारी चाकं ओढतात. राहात्याच्या काळ्या रानात पाऊस झाला की साधी गाडी जागीच चाक फिरवत बसते, आणि वस्तीवरची अडलेली गाय काही रस्ता वाळायची वाट बघत नाही. मी जनावरांची डॉक्टर, म्हणून ही गाडी जुनी असूनही घेतली. आई गेल्यापासून पुढच्या सीटवर, माझ्या शेजारी, वडील बसतात. मी गोठ्यात कामात असले की ते मालकाशी चारापाण्याच्या गप्पा मारतात. कोणत्या वाटेनं जायचं, गाडी कुठं लावायची, हे तेच सांगतात. गुडघ्यांमुळे शेत सुटलं, हुकूम सुटला नाही.

उसाच्या बुडख्यानं पुढचं एक टायर फाटलं. बाकीची तीनही झिजत आली होती. वडिलांनी निकाल दिला, “पुढं दोन नवी टाक. मागच्यांत अजून जीव हाय. ट्रॅक्टरची तरी मागची-पुढची कुठं सारखी असत्यात?”

आमच्या घरात जीव असलेली वस्तू टाकत नाहीत. मला लगेच पटलं.

पुढं दोन नवी टाकली आणि दोन दिवसांत गाडी बिथरली. डांबरी रस्त्यावर वळताना अंग आवळायची, स्टेअरिंग पुरतं फिरवलं की खालून हिसका द्यायची. चिखलात मात्र अगदी गुणी. सावेडीच्या एका मिस्त्रीनं फेरी मारून सांगितलं, “गिअरबॉक्स गेला, मॅडम. उघडण्यात अर्थ नाही, विकून टाका. फिरायला स्कूटर बरी.”

माझं स्कूटरवर भागलं असतं. वडिलांना स्कूटरवर पाय टाकता येत नाही. परत येताना ते म्हणाले, “वीक मग. मी काय, घरी बसंन.” हे त्यांनी इतकं साधेपणानं म्हटलं की मला रडू फुटलं. त्या घरात दिवसभर भिंतींशी काय बोलणार होते ते?

रडून झाल्यावर मला प्रश्न पडला. प्रश्न पडणं हा माझा जुना रोग आहे. टायर बदलायच्या आधी हा हिसका का नव्हता? आणि चिखलात का होत नाही? मऊ मातीत नीट चालणारं जनावर कडक रस्त्यावर लंगडलं, तर मी सगळ्यात आधी त्याचे खूर बघते. मग हिचे का नाही बघितले?

अंगणात जॅक लावला आणि एकेक चाक उचललं. जनावराच्या छातीचा घेर मोजून वजन काढायची कापडी टेप माझ्या पेटीत असते, तीच टायरभोवती गुंडाळली. टेपच्या हिशेबानं पुढचं चाक मागच्यापेक्षा वीस-पंचवीस किलोंनी दांडगी गाय निघालं. मी हसत सुटले. घेरात फरक होता जेमतेम दोन बोटांचा.

ओट्यावरून वडील बघत होते. मी टेप दाखवली. त्यांनी ती हातात घेऊन तिच्यावर दोन बोटं ठेवून बघितली.

“म्हंजी मागची आखूड ढांगंची. तेवढ्याच वाटंला जास्त फिरत्यात.”

“हो आबा. आणि या गाडीत पुढची-मागची मधल्या दांड्यानं बांधलेली असतात.”

“मग वढाताण व्हनारच. चिखलात चाक घसरतंय, वढ निघून जाती. डांबरावर कुठं जाईल?” मग ते म्हणाले, “ट्रॅक्टरचं गणित कंपनीनंच बसवल्यालं आसतं. चूक माझी हाय.”

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं. पण कोडं सुटल्याच्या आनंदात मी काय म्हणाले, तर “हो ना!”

मागंही तशीच दोन नवी टायर बसली. बाजार समितीच्या आवारात मी गाडी गोल गोल फिरवली. हिसका नाही, कुरकुर नाही. गिअरबॉक्स ठणठणीत होता.

वडील मात्र गप्प झाले. शेजारी बसायचे, पण कुठं वळायचं ते सांगेनात. चार दिवसांनी एका वस्तीवरून फोन आला, म्हैस अडली होती. पाऊस झालेला. फाट्यावर मी सवयीनं विचारलं, “आबा, कुठून?”

“तू म्हनशील तसं. तुला जास्त कळतंय.”

एवढी हुशारी करून मी गाडी वाचवली होती, ती यांच्यासाठीच ना! मी फाट्यावरच गाडी उभी केली.

“तुम्ही सांगितल्याशिवाय मी हलणार नाही.”

मागून उसाची ट्रॉली हॉर्न वाजवायला लागली. वडिलांनी आधी मागं बघितलं, मग माझ्याकडे.

“डाव्या अंगानं घे. तिकडं चिखल कमी.”

मी डावीकडे वळले. अर्धं चाक चिखलात गेलं. गाडी चारी पायांनी ओढत, डुलत निघाली आणि वडील काचेला हात टेकून मोठ्यानं सांगत राहिले, “आता दाब! सोडू नको! आता जरा उजवीकडं!”

फाट्यावरची उजवी वाट नुकतीच मुरूम टाकून पक्की केली होती. आदल्याच दिवशी मी एकटी तिथून गेले होते.