छाती, पाठ, दोन खांदे

आमच्या मजल्यावरच्या बायका आता कुठं कुठं पांगल्या आहेत. कुणी डोंबिवलीला, कुणी विरारला. पण लग्नात भेटू दे नाहीतर बाराव्याला, दहा मिनिटांत विषय चिलखतांवर येतोच! एकीनं एक काढला की दुसरी म्हणते, "तो राहू दे, तो मांजराचा सांग." असे किस्से कुणी जपून ठेवत नाही. जुन्या साड्यांसारखे ते आपोआप साठतात, आणि टाकायला काढावेत तर एकही टाकवत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गिरण्यांचा संप सुरू होऊन बरेच महिने झाले होते. परळच्या आमच्या चाळीत घराघरात एक तरी पुरुष बसून होता. वडाळ्याला एका गाळ्यात नाटकवाल्यांसाठी प्लास्टिकची चिलखतं बनायची. गरम केलेला प्लास्टिकचा पत्रा साच्यावर ओढला की छातीचा, पाठीचा, खांद्याचा, हाताचा आकार उठायचा, पण भोवतीचा फालतू काठ तसाच राहायचा. तो काठ कात्रीनं कापायचा, कडा घासायच्या, भोकं पाडायची, बटणं ठोकून पट्टे लावायचे, छातीला पाठ जोडायची आणि वर एक टोप द्यायचा. की झाला एक सेट! गाळ्याच्या शेठला हे घरी बसून करणाऱ्या बायका हव्या होत्या.

आम्ही तिघी तयार झालो. मी, शेजारच्या पेडणेकर काकू, आणि हिरा. हिरा कोळीण, आमच्याच मजल्यावरची. सकाळी चाळीखाली मासे विकायची आणि दुपारी टोपली रिकामी झाली की वर यायची. बसायचं माझ्या खोलीत, कारण माझी खोली कोपऱ्यातली, दोन खिडक्यांची.

आणि त्या खोलीत एक नवरा होता. माझा!

*

आमचे हे विणकर. गिरणीत चार माग एकटे सांभाळायचे, त्यामुळे हात असा साफ की काय सांगू. पहिला गठ्ठा आला तेव्हा मी मोठ्या आशेनं त्यांच्यापुढं कात्री धरली. कात्रीकडे त्यांनी असं बघितलं, जशी मी लाचच देतेय.

"मी संपावर आहे," म्हणाले.

"अहो, संप गिरणीत आहे! घरात कुठं आहे?"

"संपकरी तो संपकरी. संप मिटेपर्यंत काम करायचं नाही, असं ठरलंय."

"मग हे मी काय करतेय?"

"तो तुझा चाळा."

चाळा! अंगठ्याला फोड आलेले, नखात प्लास्टिकचा भुगा, घरातला स्टोव्ह त्या चाळ्यावर पेटत होता, आणि हा माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "हिचा काहीतरी चाळा चाललाय." मला ते फार लागलं. कात्री धरू नका, पण निदान त्याला काम तरी म्हणा, एवढंच माझं म्हणणं होतं. त्यावरून आमची रोज जुंपायची. पण जेवायला बसताना ह्यांना तो चाळा बरोबर चालायचा!

*

तिघींत वाटणी केलेली होती. हिराकडे पाठी, माझ्याकडे छात्या, काकूंकडे खांदे आणि हात. माल ठेवायला जागा नाही म्हणून गठ्ठे तिघींच्या दारात. त्यामुळे गॅलरीतून सारखा आरडाओरडा चालायचा.

"वहिनी, तुमच्याकडे दोन छात्या जास्त आहेत, एक द्या!"

"हिरा, तुझी पाठ माझ्याकडे राहिली गं!"

आम्हाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. पण एके रविवारी काकूंच्या लेकीला, मंगलला बघायला पाहुणे आले. आतमध्ये कांदेपोहे, आणि बाहेर हिरा ओरडतेय, "काकू, खांदे निखळले गो तुमचे!" मुलाची आई पोहे खाता खाता थांबली. काकूंचा चेहरा पांढराफटक.

मग सावरून घेत त्या बाईंनी मंगलला विचारलं, "बाळ, तुला काय काय येतं?"

मंगल आधीच घाबरलेली. ती एका दमात म्हणाली, "हात आणि खांदे. छाती अजून आई करू देत नाही."

काकू दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. जशी ती पोर मीच पढवली होती! लग्न मात्र तिथंच जमलं. मुलाला तेव्हा जे हसू फुटलं ते साखरपुड्यापर्यंत आवरत नव्हतं म्हणे.

*

कात्र्या बोथट झाल्या की हिरा आपली मासळी कापायची सुरी काढायची. तिच्या सुरीपुढे प्लास्टिक म्हणजे लोणी! सर्रकन गोल फिरवली की काठ वेगळा. आम्ही खूश.

पंधरा दिवसांनी शेठ स्वतः चार जिने चढून वर आला. घामानं निथळत होता आणि रागानं लाल झाला होता. "बाई, ये क्या धंदा है? गिरगावात प्रयोग होता. सेनापती स्टेजवर आला, आणि त्याच्या मागे मांजर पण आला! सेनापती लढाईचं भाषण करतो, आणि मांजर वर चढून त्याचा खांदा चाटतो!"

आम्ही तिघींनी माना खाली घातल्या. म्हणजे दोघींनी. हिरानं कमरेवर हात ठेवले.

"शेट, माजी सुरी रोज धुतलेली असते. वास नाय तिला. तुमच्या पलास्टिकलाच हाय!"

तो बिचारा खरंच एक छाती उचलून हुंगायला लागला. त्यानंतर सगळा माल साबणाच्या पाण्यातून काढायचं एक जास्तीचं लचांड आमच्या मागे लागलं, आणि तेही सार्वजनिक नळावर, लोकांच्या शिव्या खात.

*

आता ऐका, माझ्या संतापाचा कडेलोट कुठं झाला ते.

मनगटावर घालायचे जे हात असतात ना, त्यात डावा वेगळा आणि उजवा वेगळा. पट्ट्याचं बक्कल बाहेरच्या अंगाला यायला हवं. शेठनं सांगितलं होतं, "डाव्याला लाल खूण, उजव्याला निळी." सोपं वाटलं. आम्ही सेट समोर ठेवायचो आणि समोरून जो डावा दिसेल त्याला लाल खूण करायचो. अख्खा गठ्ठा तसा केला. बक्कलं ठोकली, बांधून पाठवला.

तो तसाच्या तसा परत आला. शेठ म्हणे, डावा म्हणजे घालणाऱ्याचा डावा, बघणाऱ्याचा नव्हे! सगळी बक्कलं आतल्या अंगाला. हात खाली सोडला की बरगडीत घुसायची. एक नट तर प्रयोगभर दोन्ही हात लांब धरून फिरला म्हणे, जसा कावड वाहतोय.

बटण न् बटण उचकटायला बसलो. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. तेव्हा हे कॉटवर पडल्या पडल्या काय म्हणाले असतील?

"मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं."

मी पक्कड खाली ठेवली. "दिसलं होतं? मग बोलला का नाहीत?"

"माल तपासणं हे पण काम आहे. त्याला गिरणीत वेगळं खातं असतं."

काकूंनी माझा हात धरला म्हणून बरं. नाहीतर ती पक्कड कुठं गेली असती ते मी सांगत नाही!

*

एकदा कुणीतरी चौकीवर कळवलं की अमुक चाळीत संपकऱ्याच्या घरी चिलखतं आणि शिरस्त्राणं साठवताहेत, मोर्च्याची मोठी तयारी दिसतेय! दिवस तसेच होते. दुपारी नायगावच्या पोलीस लायनीत राहणारे एक हवालदार काठी घेऊन दारात उभे.

खोलीत चंदेरी छात्या छतापर्यंत रचलेल्या. हवालदारांचा चेहरा गंभीर झाला. एक टोप जमिनीवर ठेवून त्यांनी त्यावर काठी हाणली. टोपाचे दोन तुकडे झाले.

"ह्यानं काय अडणार?" ते म्हणाले. आवाजात जरा निराशाच होती.

"अडायचं राहू द्या, साहेब," हिरा म्हणाली. "फोडलात तो कोण जोडणार?"

हवालदार भला माणूस होता. ओशाळला. मग हळूच विचारतो कसा, मुलीच्या शाळेत गॅदरिंग आहे, तिला लढाऊ राणी व्हायचंय, लहान सायझमध्ये काही जमेल का? मी म्हटलं, जमेल, पण कापायला हात कमी पडताहेत. तर त्यांनी टोपी काढली, पाय दुमडले आणि कात्री घेऊन बसले! तासभर मन लावून काठ कापत होते.

म्हणजे बघा. सरकारी पोलीस माझ्या घरात बसून काम करतोय. आणि माझा नवरा? तो उठला, स्टोव्ह पेटवला आणि सगळ्यांसाठी चहा टाकला.

मी मोरीत गाठलं. "चहा करणं काम नाही वाटतं?"

"तो पाहुणचार," हे म्हणाले.

*

पुढे नवीन साचा आला. चारी बाजूंनी बंद होणारं, राजासाठीचं चिलखत. शेठनं अट घातली, प्रत्येक सेट माणसाच्या अंगावर ट्रायल घेऊन मगच पाठवायचा. पुरुषाच्या अंगावर. आम्ही तिघींनी एकाच वेळी कॉटकडे बघितलं.

ह्यांनी एक दिवस विचाराला घेतला. दुसऱ्या दिवशी निकाल दिला, "उभं राहणं हे काम नाही. गिरणीच्या गेटवर आम्ही उभेच असतो."

देवाची कृपा! मग मी रोज ह्यांना उभं करून छाती-पाठ चढवायची, बाजूची बटणं ठोकायची, हात अडकवायची. ह्या साच्यातले हात पार दंडापर्यंत, एकदा अडकवले की कोपर वाकायचं नाही. नाकाला खाज सुटली तरी मला हाक. पाणी पाजायचं मी. वर तोंड चालू. "गो, हा खांदा वर बसलाय. इथं कात्री थरथरलीय. किनार अशी असते? रिजेक्ट!"

"मग घ्या ना कात्री!"

"संप आहे."

पण एकदा हात अडकवायच्या आधी मी बघितलं. ते छातीच्या काठावरून बोट फिरवत होते. हळूच, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. कापड मागावरून उतरलं की काठ बघायचे ना, अगदी तसंच. मी बघतेय हे कळल्यावर बोट मागे घेतलं. मला फार वाईट वाटलं हो. चार माग चालवणारा माणूस तो. पण मी "सरळ उभे राहा" म्हणून खेकसले.

*

आणि एके दिवशी जॉबर आला. जॉबर म्हणजे खात्यात ह्यांच्या वरचा माणूस. माणसं कामावर लावणं त्याच्याच हातात.

दुपारचे तीन वाजलेले. हे खोलीच्या मधोमध उभे. अंगावर चंदेरी छाती, पाठ, दोन्ही हात, डोक्यावर तुऱ्याचा टोप. मी गुडघ्यावर बसून बाजूचा पट्टा ठोकतेय. तोंडात चार बटणं धरलेली. काकू आणि हिरा भिंतीला टेकून कापताहेत.

जॉबर दारात थबकला. पण हसला नाही. घाईत होता.

"विष्णू, उद्यापासून आपलं खातं सुरू होतंय. थोडेच माग चालवणार. मी तुझं नाव दिलंय. पहिल्या पाळीला ये. नाक्यावरून पोलिसांची गाडी आत घेऊन जाईल, केसाला धक्का लागणार नाही."

ह्यांनी टोपाखालून त्याच्याकडे बघितलं.

"बाकीच्यांचं बघू नकोस. संप काय मिटत नाही आता. उद्या नाही आलास तर नाव कायमचं जाईल, मग मी पण काही करू शकत नाही."

हे गेले तर पगार. गेले तर उद्यापासून सगळी चाळ मला फितुराची बायको म्हणणार, पाण्याच्या रांगेत कुणी बोलणार नाही. सगळं कळत होतं मला. पण खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला फक्त घरातला तांदळाचा डबा दिसत होता. तोंडातली बटणं काढून मी "जा" म्हणाले असते. खरंच म्हणाले असते.

जॉबर म्हणाला, "अरे, किती दिवस असा रिकामा बसणार तू?"

"रिकामा कोण आहे?" हे म्हणाले.

जॉबरनं त्यांच्याकडे टोपापासून पायापर्यंत बघितलं.

"कामावर आहे मी."

"कामावर?" जॉबर चक्रावला. "कुठल्या गिरणीत? कोणाच्या हाताखाली?"

ह्यांचं कोपर तर वाकत नव्हतं. त्यांनी खांद्यापासून अख्खा हात उचलला, सरळ, बक्कल करकरत, आणि माझ्याकडे धरला.

"हिच्या."