विमलावैनीचं गणिताचं विरजण

लग्नपत्रिकेत नावापुढे पदवी छापायची पद्धत आमच्याकडे कोणी आणली ते मला ठाऊक नाही. सापडला तर सोडणार नाही. पोरीच्या तापाला कधी न धावलेला चुलता 'बी.कॉम.' म्हणून पहिल्या ओळीत, आणि जिनं पोरगी वाढवली तिच्या नावापुढे नुसता स्वल्पविराम!

विमला तांबेच्या बाबतीत हेच झालं. जयगडच्या रस्त्याला आमची बौद्धवाडी आहे, तिथली ती. माझी शेजारीण, वयानं मोठी, म्हणून वैनी. वय एक्कावन्न. बंदरावरच्या कामगारांना जेवणाचे डबे देते. नवरा, भिकूभाऊ, मुंबईला नोकरीत, मे महिन्यात घरी. एकुलती मुलगी स्वप्ना बी.एड. होऊन शाळेत लागली आणि तिचं लग्न नाटे गावच्या प्रज्ञेशशी ठरलं. साखरपुड्याची पत्रिका नवऱ्याकडच्यांनी छापली. विहीणबाईंच्या नावापुढे पदव्यांची अशी रांग, जशी बंदराच्या रस्त्याला ट्रकांची: एम.ए., बी.एड., सेवानिवृत्त मुख्याध्यापिका. वैनीच्या नावापुढे रस्ता मोकळा.

वैनी पत्रिका घेऊन माझ्याकडे आली. हाताला कोलीमचा, म्हणजे जवळ्याचा, वास.

"रेणुके, लग्नाच्या पत्रिकेत माज्या नावापुढं एस.एस.सी. पायजे."

"वैनी, तू आठवीत शाळा सोडलीस."

"मग? आठवीनंतर दोनच तर हायत."

लग्न पुढच्या वर्षी मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी. हाती अकरा महिने. मी सतरा नंबरचा फॉर्म भरून दिला, म्हणजे बाहेरून दहावीला बसता येतं. मी स्वतः सातवीवाली, पण फॉर्म भरण्यात माझा हात कोणी धरू नये. कलेक्टर कचेरीतले कारकून मला बघून चहाला उठतात.

मी म्हटलं, "दहावीची सगळी पुस्तकं सरकारनं वेबसाइटवर टाकलीत. फुकट. समाजमंदिरातल्या प्रिंटरवर काढून देते."

फुकट म्हटल्यावर वैनीनं नाक मुरडलं. "संध्याकाळी बाजार उठताना कोळीण फुकट मासा देते, तो कसा असतो ठाव हाय ना तुला?"

झालं! तिनं रत्नागिरीत गुरुप्रसाद सरांचा क्लास लावला. पंधरा दिवसांनी बघायला गेले, तर वैनी ओट्यावर वही ठेवून डोक्याला हात लावून उभी. वहीत लिहिलेलं: एक्स अधिक गु बरोबर सात.

"वैनी, हा गु कोण?"

"तीन दिस तोच शोधतंय. एक्स सापडला, गु काय सापडत नाय. मला पण वाटलं गो, शिक्षणात असलं घाणेरडं कशाला आणतात?"

मी सरांच्या नोट्स बघितल्या. प्रत्येक पानावर तिरकं, पानभर, राखाडी अक्षरांत छापलेलं: 'गुरुप्रसाद क्लासेस. नक्कल करणाऱ्यावर कारवाई होईल.' त्यातला 'गु' नेमका गणितावर येऊन बसला होता. पुढच्या पानावर 'साद' भूमितीच्या त्रिकोणात शिरला होता, आणि वैनीनं त्याचा कोन मोजला होता. बहात्तर अंश.

माझं डोकं फिरलं. अरे, तू ज्ञान विकतोस की ज्ञानावर बसून राहतोस? वर त्यांचे व्हिडिओ एकाच फोनवर चालणार, तो फोन स्वप्नाचा, आणि स्वप्ना दिवसभर शाळेत! मी त्याच दिवशी सरकारी पुस्तकं छापली आणि दोन अनोळखी मास्तरांचे नेटवर टाकलेले धडे वैनीच्या फोनवर घातले. ते मास्तर कुठले, कोणाचे, काही माहीत नाही. नाव विचारत नाहीत, कुलूप लावत नाहीत. तळाला एवढंच लिहितात की घ्या, वापरा, बदला, पुढे द्या, आमचं नाव मात्र राहू द्या.

"बदला?" वैनी म्हणाली. "दुसऱ्याचं बदलायचं?"

"खुला परवाना म्हणतात त्याला. तुला पटेल तसं करून घे आणि तसंच खुलं ठेवून पुढे दे."

वैनीनं थोडा विचार केला. "म्हणजे विरजण गो! तुज्याकडनं चमचाभर न्यायचं, आपल्या दुधाला लावायचं. तुजं दही कमी होत नाय, माजं होतं. उद्या तुजं संपलं तर तू माज्याकडं येणार."

परवान्याची पानंच्या पानं मी डोळे फोडून वाचली होती. बाईनं चमच्यात बसवलं.

त्यानंतर वैनीची गाडी सुटली. वाचून तिच्या डोक्यात राहत नसे, म्हणून ती धडा आपल्या भाषेत फोनवर बोलून ठेवायची आणि डबे पोचवताना ऐकायची. रेकॉर्डिंग स्वयंपाक करतानाच. त्यामुळे अंकगणिती श्रेढीच्या मागे फोडणी, संभाव्यतेच्या मागे मिक्सर. प्रत्येक धड्याच्या शेवटी ती म्हणायची, "हे विरजण हाय. न्या, आपलं दूध घाला, पुढं द्या." लिहून पाठवलेल्या मेसेजखाली तर हीच ओळ, पुस्तकी भाषेत, आपोआप यावी अशी सोय तिनं स्वप्नाकडून करून घेतली.

हे सगळं ती स्वतःच्याच नंबरला पाठवत होती. एका सकाळी बोट घसरलं आणि 'ए अधिक बी चा वर्ग' हा धडा गेला थेट 'स्वप्ना-प्रज्ञेश शुभमंगल' या ग्रुपवर. दोन्हीकडची एकशे बारा माणसं. विहीणबाईंसकट.

धडा असा होता: "आयका. ए म्हणजे आंबा, बी म्हणजे बांगडा. दोगांचा मिळून वर्ग करायचा, तर आंब्याचा वर्ग करा, बांगड्याचा वर्ग करा, आनि ठेवा शेजारी शेजारी. संपलं. मिसळायचं काय एक नाय. आंबा नि बांगडा एका टोपात घालतं काय कोण?" मग तेलात काहीतरी पडल्याचा चर्र आवाज. मग, "हे विरजण हाय."

वैनी दोन दिवस घराबाहेर पडली नाही. पण धडा बाहेर पडला. वरवड्याला गेला, आरे-वारेला गेला, कुठल्या कुठे गेला. पोरं म्हणू लागली, अजून पाठवा. मी समाजमंदिराच्या फळ्यावर लिहिलं, 'विमलाताईंकडे गणिताचं विरजण मिळेल.' दुसऱ्या दिवशी सकाळी धाकूआजोबा वाटी घेऊन वैनीच्या दारात.

"विमल, विरजण दे गो."

"आजोबा, ते गणिताचं हाय."

"कसलं पण चालंल. आंबट नसलं म्हंजे झालं."

वैनीनं त्यांना अंगणात बसवून टक्केवारीचा धडा ऐकवला. आजोबांनी तो पूर्ण ऐकला, वाटी उपडी केली आणि "दही कवा लागंल?" विचारून गेले.

मग आले गुरुप्रसाद सर. मोटारसायकल समाजमंदिरासमोर तिरकी लावून, हेल्मेट न काढता.

"माझी गणितं चोरून वाटताय तुम्ही!"

"कुठलं गणित?" मी.

"काम आणि वेळ. माझ्या नोट्समध्ये आहे."

"तुमच्यात भिंत बांधणारे गवंडी आहेत, सर. वैनीच्यात कोळंबी सोलणाऱ्या बायका आहेत. तुमच्या गवंड्यांना सुंगटं सोलता येतात काय?"

"पण पद्धत तीच!"

"पद्धत तुमच्या बापजाद्यांनी काढली काय? तुम्ही पण कोणाच्या तरी विरजणावरच दही लावलंत, फक्त भांड्याला कुलूप घातलंत!" माझा आवाज चढला की पलीकडच्या वाडीतले कुत्रे भुंकतात. ते भुंकले. सर हेल्मेटातच काहीतरी बोलले, ते हेल्मेटातच राहिलं.

हे इथपर्यंत मजेत चाललं होतं. फेब्रुवारीत, परीक्षेला तीन आठवडे असताना, नाट्याहून एक आवाजी निरोप आला. बोलणारी तेजस्वी, विहीणबाईंच्या शेजारची, नववीतली पोर.

"काकू, तुमचा आंबा-बांगडा ऐकला. खूप आवडला. पण चुकलाय. ए अधिक बी चा वर्ग करताना मधले दोन ए-बी राहिले. मी तुमचाच धडा बदलून पाठवतेय. तुम्ही म्हणालात ना, आपलं दूध घाला."

पुढे तिचा धडा: "ए म्हणजे नवरीचं घर, बी म्हणजे नवऱ्याचं घर. दोन्ही घरं एकत्र आली की नुसती ती दोन घरं राहत नाहीत. मध्ये मध्यस्थ असतातच. एक नवरीकडचा, एक नवऱ्याकडचा. म्हणून मधे दोन ए-बी. त्यांना जेवायला बोलावलं नाही तर उत्तर चुकतं." शेवटी, "हे विरजण आहे. मूळ दही विमलाकाकूंचं."

ऐकून वैनी पेटली. "नाट्यावरनं चूक काडली! नवऱ्याकडच्यांनी! विहिणीनंच सांगितलं असणार. आता मी परीक्षेला बसत नाय. पत्रिकेत स्वल्पविरामच छापा!"

स्वप्ना म्हणाली, "आये, ती पोरगी बरोबर आहे."

"तू आत्तापासनंच त्यांच्या बाजूची!"

मी मध्ये पडले. मला समजूत काढता येत नाही, भांडता येतं, म्हणून भांडले. "वैनी, तुझं दही बिघडलं तर काय करतेस?"

"फेकून देतंय."

"मग?"

"मग शेजारनीकडनं..." तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिच्या खिशात हात घालून काहीतरी काढलं. मग फणकाऱ्यानं म्हणाली, "शेजारीन नाट्याला राहते काय?"

पण रात्रीच्या भाकऱ्या थापताना तिनं तो धडा सतरा वेळा ऐकला. मी भिंतीपलीकडून मोजले. अठराव्या वेळी तिचा आवाज आला: "मध्यस्थाला जेवाय बोलवायचं, नायतर उत्तर चुकतं." सकाळी तिनं जुना धडा सगळीकडून काढायला लावला आणि तेजस्वीचा, फोडणी देता देता आपल्या आवाजात बोलून, फिरवला. नावासकट.

आता मला सांगा. तोच धडा वहीत लिहून वैनीनं कपाटात ठेवला असता, वर 'नक्कल करणाऱ्यावर कारवाई' लिहून, तर ती चूक कोणाला दिसली असती? चूक पण कपाटात, कुलपात, सुखरूप. वाटलं म्हणून ती उघडी पडली, आणि उघडी पडली म्हणून सुधारली. हे मी एका सभेत मोठमोठ्यानं सांगितलं, तर एक साहेब म्हणाले, मुद्दा लेखी द्या. घ्या, दिला.

परीक्षा मार्चमध्ये झाली. गणिताच्या पेपराला वैनीच्या पुढच्या बाकावर एक पोरगा होता, तो वर्गसमीकरण आल्यावर हळूच पुटपुटला, "मध्यस्थ, मध्यस्थ." वैनीनं विचारलं नाही, पण त्याच्या पिशवीवर 'गुरुप्रसाद क्लासेस' छापलेलं तिनं बघितलं. पुढे कळलं, सर वर्गात तोच धडा लावतात. त्यात वैनीची फोडणी पण ऐकू येते, आणि सर पोरांना सांगतात की तो तांत्रिक बिघाड आहे.

निकालापर्यंत पत्रिका अडवून ठेवली. प्रेसवाल्या रितेशनं दोन मजकूर जुळवले होते, एक एस.एस.सी.चा, एक स्वल्पविरामाचा. तो रोज फोन करायचा. "ताई, लग्नाला सोळा दिवस राहिले. मुंबईच्या लोकांना पत्रिका बारशाला पोचवायची काय?"

निकाल दुपारी एकला. साइट उघडेना. पाच वेळा, दहा वेळा. वैनी चुलीकडे तोंड करून उभी, पुन्हा पुन्हा तेच पातेलं विसळत होती. शेवटी उघडलं. मी वाचत गेले. मराठी एकसष्ट. सामाजिक शास्त्र अठ्ठावन्न. विज्ञान चव्वेचाळीस. गणित...

"सांग की गो!"

"सदतीस."

वैनीनं पातेलं खाली ठेवलं. बोटांवर काहीतरी मोजलं. "तेजस्वीच्या मध्यस्थांचा प्रश्न तीन मार्कांचा. सदतीसातनं तीन गेले चौतीस." तिनं माझ्याकडे बघितलं. "चौतीस म्हंजे नापास, रेणुके."

मग तिनं नाट्याला फोन लावला. विहिणीला नाही, आधी तेजस्वीला. काय बोलली ऐकू आलं नाही, कारण दोघी रडत होत्या आणि तिसरी मी.

त्याच घाईत, जुळवलेल्या मजकुरावर भरवसा न ठेवता, तिनं रितेशला अख्खी पत्रिका स्वतः लिहून पाठवली, त्यात पहिलं नाव: सौ. विमला भिकू तांबे, एस.एस.सी. रितेशनं एका शब्दाला हात न लावता रातोरात तीनशे पत्रिका छापल्या. सकाळी गठ्ठा फोडला. निमंत्रकांत वैनी पहिली, पदवी ठळक. आणि सगळ्यात खाली, 'आपली उपस्थिती प्रार्थनीय' च्या जागी, तिच्या मेसेजला आपोआप चिकटणारी ओळ: 'हे विरजण आहे. न्या, आपलं दूध घाला, पुढे द्या.'

पुन्हा छापायला वेळ नव्हता.

लग्नाला लोक दूध घेऊन आले. किटल्यांतून, बाटल्यांतून, एकानं तर बादलीतून. विचारलं तर म्हणाले, पत्रिकेत लिहिलंय. विहीणबाई, एम.ए., बी.एड., सुद्धा नाट्याहून दोन लिटर घेऊन उतरल्या आणि म्हणाल्या, "अहो, मला वाटलं तुमच्याकडची पद्धत."

वैनीनं सगळं दूध एका टोपात ओतलं आणि खीर लावली. अडीचशे माणसं पोटभर जेवली. मध्यस्थांना आधी वाढलं, दोघांनाही. लोटाभर दूध मात्र तिनं बाजूला काढून ठेवलं, कोमट केलं, चमचाभर दही घातलं, झाकलं.

दुसऱ्या दिवशी धाकूआजोबांच्या वाटीत तिनं त्यातलं घट्ट दही घातलं. आजोबांनी बोट लावून चाखलं आणि म्हणाले, "ह्यात गणित हाय काय?"

"हाय, आजोबा. सदतीस."