पाइप खाली मी घ्यायला लावला

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये होते. भाऊ एवढंच म्हणाला, "गॅरेजातच बसल्या जागी गेला. छातीत कळ आली म्हणे." मी हातातला पाना जागेवर ठेवला, हात धुतले, सरांना विचारून बाहेर आले. रडू आलं नाही. राग आला. दोन वर्षं मामाच्या नावावर एक खोटं चिकटलं होतं, ते मला त्याच्यादेखत खोडायचं होतं... आता ते कधीच होणार नव्हतं. मला लिहायची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. चुकलं तर सांभाळून घ्या, असं लिहिणार होते. पण यात सांभाळून घेण्यासारखं काही नाही.

देविदास मिस्त्री म्हणजे माझा मामा. चिखलीत जीपस्टँडच्या मागे त्याचं पत्र्याचं गॅरेज. गुलाबरावकाकांची जीप धाडच्या बाजाराची माणसं भरून जायची आणि मे महिन्यात चढाला लागली की तिचा दम जायचा. मामाचं म्हणणं साधं होतं : बॉनेटच्या आतली तापलेली हवा इंजिनाला पुरत नाही, त्याला बाहेरची थंड हवा द्यायला पाहिजे. शेतातल्या स्प्रिंकलरचा जुना पाइप त्यानं कापला, गरम करून वाकवला, सायकलच्या ट्यूबचे तुकडे घालून क्लॅम्पनं आवळला, एक टोक फिल्टरच्या डब्याला जोडलं. सांधा फटीतून हवा ओढतोय का, हे बघायला त्याच्याकडे यंत्र नव्हतं. महाराजांच्या फोटोपुढची उदबत्ती उचलून तो चालू इंजिनाच्या प्रत्येक सांध्याजवळ धरायचा. धूर सरळ वर गेला तर सांधा पक्का, आत ओढला गेला तर पुन्हा खोल. "महाराज आपल्याच गाडीचं काम करून राह्यले," म्हणून हसायचा.

पाइपाचं तोंड त्यानं वर, हेडलाइटच्या मागे ठेवलं होतं. मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होते आणि कॉलेजच्या प्रोजेक्टला विषय म्हणून तोच पाइप घेतला होता. मी थर्मामीटर आणला, चार जागी धरला. बंपरच्या खाली दोन अंश कमी भरलं. मामाला म्हटलं, तोंड खाली घे.

"खाली हवा थंडी हाये, हाव. पण खाली पाणीबी असते वं."

"मामा, मे महिना आहे. आणि आकडा बघ ना."

तो आकड्याकडे नाही, माझ्याकडे बघत राहिला. सातवीत शाळा सुटलेला माणूस. "तू शिकलेली. घेतो खाली," म्हणाला आणि निमूट क्लॅम्प सोडायला लागला. त्या निमूटपणाचा मला आज सगळ्यात जास्त राग येतो. वीस वर्षं इंजिनं उघडलेला माणूस माझ्या दोन अंशांपुढे गप्प बसला, आणि मला ते माझं यश वाटलं.

ऑगस्टमध्ये धाडच्या अलीकडच्या फरशीवर, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावर, गुडघाभर पाणी होतं. गुलाबरावकाकांनी नेहमीसारखी जीप घातली. इंजिनानं हवेबरोबर पाणी ओढलं आणि जागच्या जागी गच्च झालं, आतला रॉड वाकला. बायामाणसं गाठोडी डोक्यावर घेऊन पाण्यातून उतरली. दुसऱ्या दिवशी काका गॅरेजात आले. "कोनं लावला बे हा नळा एवढा खाली?" मी तोंड उघडलं होतं... मामा म्हणाला, "म्याच. माह्यीच अक्कल."

ते गेल्यावर मला म्हणाला, "तुह्या बापाले कळलं का पोरीनं जीप बुडवली, तं उद्याच पुस्तकं बांधून ठेवंल. गप राह्य. डिग्री हाती आली का मंग सांग साऱ्या चिखलीले." मी गप्प राहिले. मामानं इंजिन नवं करून दिलं, पाइपाचं तोंड पुन्हा वर नेलं. स्टँडवर त्याचं नाव 'डुबक्या मिस्त्री' पडलं. माझ्या प्रोजेक्टला वर्गात सगळ्यात जास्त मार्क पडले. आता शेवटची परीक्षा दोन महिन्यांवर आहे.

तेरवीच्या पंगतीत गुलाबरावकाका म्हणाले, "मिस्त्री सोन्यासारखा मानूस, पण पाइपाच्या नादात जीप बुडवली त्यानं." मी वाढायचं थांबले. म्हटलं, "काका, तो पाइप खाली मी घ्यायला लावला. मामा नको म्हणत होता." काका माझ्या बाबांकडे वळून म्हणाले, "लय जीव होता पोरीचा मामावर." बाबा म्हणाले, "तिले बसवा कोनी पानावर. दोन दिसापासून पोटात काही नाही तिच्या." मला बसवलं, पानात बुंदी वाढली. कोणी चिडलं नाही, हेच मला सहन होत नव्हतं. चूक करण्याइतकं इंजिन मला कळत असेल, हेच त्यांना पटलं नाही.

मागच्या आठवड्यात मामीकडून किल्ली घेऊन गॅरेज उघडलं. पान्यांच्या खणात उदबत्त्यांचं अर्धं पाकीट होतं. ते आणि माझी प्रोजेक्टची फाइल घेऊन स्टँडवर गेले.

"आता गाडीची पूजा करतं का वं?" काका म्हणाले.

"बॉनेट उघडा अन् गाडी चालू करा."

एकेका सांध्याजवळ उदबत्ती धरली. धूर सगळीकडे सरळ वर गेला. फक्त वरच्या तोंडाशी वाकून आत शिरला. मग फाइल उघडून आकृती दाखवली : बंपरखाली तोंड, शेजारी दोन अंशांचा आकडा, खाली माझं नाव. काकांनी ती बराच वेळ बघितली.

"हे अक्षर तुह्यं?"

"हाव."

"अन् तो दोन वर्षं आमचं आयकून घेत राह्यला?"

"हाव."

जीप भरली होती, मागून कोणीतरी बाजार सुटेल म्हणून ओरडत होतं. काकांनी बॉनेट नेहमीसारखं आपटलं नाही, दोन्ही हातांनी दाबून बसवलं.

बाबांना मी त्याच संध्याकाळी फाइल दाखवली. ते अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. पुस्तकं मात्र कोणी बांधलेली नाहीत. उदबत्त्यांचं पाकीट मी कॉलेजात आणलंय. वर्कशॉपमध्ये सांधा तपासायचा असला की एक लावते. परवा सरांनी विचारलं, ही कुठली पद्धत? मी सांगितलं, चिखलीच्या देविदास मिस्त्रींची. त्यांनी नाव पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं.