छातीचं माप

इकडे हिंदी मुलखात, घमापुरात, माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. तीस वर्षांत तिथला एक नियम मी मोडू दिला नाही. खांदा, बाही, कंबर ही मापं मी मोठ्याने सांगते आणि माझी मुलगी वहीत उतरवते. छातीचं माप मात्र तिच्या कानाशी जाऊन सांगायचं. बाकावर दुसऱ्या बायका बसलेल्या असतात, आणि कोणाचं काय माप हे त्यांनी ऐकायचं कारण नाही.

माझ्या स्वतःच्या छातीचं असं झालं, की चाळिशीत कॅन्सरमुळे दोन्ही स्तन काढावे लागले. त्याच वेळी डॉक्टरांनी सिलिकॉनचे इम्प्लांट बसवून दिले. बारा वर्षं ते निमूट राहिले. मग उजवा दगडासारखा घट्ट झाला, वर सरकला, आणि हात खांद्याच्या वर नेला की कळ निघू लागली. कात्री मी त्याच हाताने धरते. अस्तर कापता कापता मध्येच थांबावं लागायचं. आता हातच जातो की काय, ही एकच भीती मला होती.

मुलगी मला एका सर्जनबाईंकडे घेऊन गेली. वयाने माझ्या मुलीएवढीच, पण बोलणं स्वच्छ. इम्प्लांट काढायचे हे नक्की होतं. उजवीकडे त्याच्याभोवती शरीराने जाड आवरण तयार केलं होतं, तेही काढावं लागणार होतं. प्रश्न होता त्यानंतर काय करायचं. नवे इम्प्लांट घालता येतील, ती म्हणाली. पोटाची कातडी आणि चरबी वर आणून उभार करता येईल, पण ऑपरेशन मोठं आणि पोटावरही टाके. पाठीचा स्नायू पुढे वळवता येईल. त्यात खांद्याचा जोर थोडा कमी होऊ शकतो. नाहीतर काहीच न घालता छाती सपाट शिवायची.

"आई, नए डलवा लो ना," मुलगी म्हणाली. ती इथेच वाढली, मराठी सगळं समजते, बोलते मात्र हिंदी. "रोज़ शीशे में देखोगी तो कैसा लगेगा?"

"मला हात पाहिजे. आरसा नंतर पाहू. तू काहून रडून राहिली?"

तीस वर्षं मी बायकांच्या छात्या मोजते आहे. दोन सारख्या कधी पाहिल्या नाहीत, कोणाला हसलेही नाही. स्वतःचीच लाज वाटून घ्यायला मी काय वेडी आहे? पाठीचा स्नायू मी तिथेच नाकारला. पोट कापून घ्यायची हौस नव्हती. नवे घातले तर तेही कधीतरी बदलावे लागू शकतात, हे डॉक्टरांनीच सांगितलं होतं. मी म्हणाले, सपाट.

"ठीक है आंटी जी," डॉक्टर म्हणाली. "थोड़ी स्किन छोड़ दूँगी. बाद में मन बदले तो काम आएगी."

मला हसूच आलं. आमच्या धंद्यात याला दाब म्हणतात. ब्लाउजच्या आत बाजूच्या शिवणीला जास्तीचं कापड सोडायचं, म्हणजे पुढे अंग भरलं की शिवण उसवून मोठा करता येतो. मी दाब सोडल्याशिवाय एक ब्लाउज शिवलेला नाही; किती सोडायचा ते लिहायला वहीत वेगळा रकानाच आहे. म्हणूनच मला ठाऊक होतं, नको तिथे राहिलेलं कापड काखेखाली गोळा होतं आणि दिवसभर टोचतं.

मी डॉक्टरच्या टेबलावरचा जुना पेपर ओढला, कात्री मागितली आणि गिऱ्हाइकाचा कापावा तसा माझ्या छातीचा खाका कापला. शिवण काखेच्या बाजूपर्यंत नेली तर कुठे सुरकुती उरणार नाही, ते घडी घालून दाखवलं. "मन नहीं बदलेगा," मी म्हणाले. "दाब मत छोड़ना."

ती बराच वेळ कागद उलटसुलट करून पाहत राहिली. मग विचारलं, "ये मैं रख लूँ?"

ऑपरेशनच्या सकाळी तिने मला उभं करून पेनाने खुणा केल्या, तेव्हा तो पेपर तिच्या हातात होता. डॉक्टरने माझा खाका वापरला, हे मी अजून सगळ्यांना सांगते. का सांगू नये?

थोडे दिवस जखमेतलं पाणी काढायला नळ्या होत्या, नंतर हाताचे व्यायाम. टाके छान बसले, काखेत काही गोळा झालं नाही. दोन महिन्यांनी दुकानाच्या सगळ्यात वरच्या फळीवरचा अस्तराचा गठ्ठा मी एका हाताने खाली काढला. मुलगी बघतच राहिली.

त्याच दिवशी मी तिला म्हणाले, माझं माप घे, जुन्यातला एकही ब्लाउज आता बसत नाही. वही मी धरली. बाकावर दोन गिऱ्हाइकं होती. खांदा, बाही तिने मोठ्याने सांगितली. मग छातीभोवती टेप फिरवला आणि शिकवल्याप्रमाणे ती माझ्या कानाशी वाकली.

"कानात नको," मी म्हणाले. "मोठ्यानं सांग."

ती सरळ उभी राहिली. मग बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "छाती, बत्तीस."

मी लिहून घेतलं, आणि दाबाच्या रकान्यात फुली मारली.