फुरसं की मांजऱ्या

१९८४च्या मे महिन्यातली एक शनिवारची सकाळ. मिरजोळ्यातल्या आमच्या घरामागे दगडी गडगा घालायचा होता. मजुरी रोजची वीस रुपये ठरली. हजर तिघंच: मी, बायको आणि गडगा रचणारा गडी. तो पन्नाशीचा होता, आयुष्यभर दगडच रचत आलेला.

दहाच्या सुमारास त्याने एक दगड उचलला आणि हात झटकला. बोटाला साप चावला होता. त्याच दगडाने त्याने सापाचं डोकं ठेचलं आणि सांगितलं, मांजऱ्या आहे, याला विष नसतं. मी इस्पितळात चला म्हणालो, तर त्याने माझ्या बायकोकडे हिरवी मिरची मागितली. मिरची तिखट लागली तर विष चढलेलं नाही, असं आमच्याकडे सगळेच मानत.

"वैनी, झोंबली म्हंजे जगलो," तो म्हणाला. "आता जरा गूळ द्या."

आम्ही हसलो. तो पुन्हा कामाला लागला.

मला चैन पडेना. हे विषारी फुरसं तर नसेल? घरात सापांवरचं एक पुस्तक होतं, ते घेऊन मी मेलेल्या सापाजवळ बसलो. फुरसं घोणशीच्या कुळातलं, मांजऱ्या धामणीच्या. नातं दूरचं, पण पाठीवरची नक्षी फसवणारी. फुरसं कातळावर, दगडांखाली राहतं. मांजऱ्या झाडाझुडपांत असतो, पण तोही कधी खाली उतरतो. दुर्मिळ दोघांपैकी कुणीच नाही, असं लिहिलं होतं. आमच्याकडे आधी ठेचतात आणि मग नाव विचारतात, त्यात मांजऱ्याही नाहक मरतो. फुरशाच्या डोक्यावर बाणासारखी खूण असते. इथे डोकंच उरलं नव्हतं. शेवटी काडीने शेपूट उलटी केली. मांजऱ्याच्या शेपटीखाली खवल्यांच्या दोन रांगा असतात, फुरशाच्या एकच. इथे एकच होती.

मी उठून गड्याकडे गेलो. त्याचा हात मनगटापर्यंत सुजला होता. तो थुंकला ते लाल होतं.

"पानाचं असंल," तो म्हणाला.

त्याची पानाची चंची सकाळपासून पायरीवर तशीच बांधलेली होती.

रिक्षाने त्याला इस्पितळात नेलं. लगेच लस टोचली. दुसऱ्या दिवशी तो उठून बसला, पेज प्यायला, उद्या कामावर येतो म्हणाला. हिरड्यांतलं रक्त मात्र थांबत नव्हतं. चौथ्या दिवशी पहाटे तो गेला.

त्याला गावी न्यायला मी टॅक्सी ठरवली. टॅक्सीवाल्याला दीडशे रुपये दिले. सीटवर अंथरायला त्याने चादर मागितली, तीही दिली.